नाशिकहून नराऱ्याला: आधी तिथी, मग तिकीट

पहिला बेत नाताळच्या सुट्टीचा होता. २१ ते २३ डिसेंबर २०२४, चौघांच्याही रजा जुळत होत्या. जामनगरच्या पुढे साठेक किलोमीटरवर, वाडीनारजवळ नरारा आहे. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग. होडी नाही, पाणबुड्याचा पोशाख नाही. ओहोटीला समुद्र मागे सरला की पायी चालत जाऊन जिवंत प्रवाळ पाहायचे. रेल्वे पाहिली, हॉटेल पाहिले आणि शेवटी भरतीचा तक्ता उघडला. तिथे बेत मोडला. २२-२३ डिसेंबरला मार्गशीर्ष वद्य अष्टमी येत होती.

अष्टमीला काय बिघडते, हे नाशिककरांना सवयीने कळणार नाही. गोदेला पूर किती आला ते आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतो, पण आपले पाणी चढते ते पावसाने आणि धरणाच्या विसर्गाने. समुद्राचे पाणी चंद्र-सूर्याच्या ओढीने दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच खाली जाते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास ओढी काटकोनात येतात, भरती बेताची आणि ओहोटीही बेताची. कोकणात याला भांग म्हणतात. भांगाच्या ओहोटीत नराऱ्याचे प्रवाळ नीट उघडे पडत नाहीत. जाल, कमरेएवढ्या गढूळ पाण्यात उभे राहाल आणि परत याल.

म्हणून क्रम असा ठेवा: तिथी, तक्ता, रेल्वे, परवानगी, गाडी, आणि रजा सर्वांत शेवटी.

आम्ही नव्याने हिशेब मांडला. पौष अमावास्या २९ जानेवारी २०२५, बुधवार. पण उधाणाचा जोर ठीक अमावास्येलाच शिगेला पोहोचत नाही, एक-दोन दिवस मागून येतो. शिवाय दुसरी अडचण उजेडाची. कोकणातले मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमारास भरती आणि त्याआधी सव्वासहा तासांनी, सव्वासातला, ओहोटीचा तळ. कच्छच्या आखातात पाणी आत शिरायला वेळ घेते, त्यामुळे नराऱ्याला यात तास-दीड तास मिळवा. अमावास्येच्या दिवशी नराऱ्याला तळ सातच्या आसपास येतो आणि जानेवारीअखेर जामनगरला सूर्य सव्वासातनंतर उगवतो. अंधारात प्रवाळांवर चालणे म्हणजे प्रवाळ मोडणे आणि पाय कापून घेणे. द्वितीया ते चतुर्थी उधाणही टिकलेले असते आणि उजेडही मिळतो. आम्ही ३१ जानेवारी, शुक्रवार (माघ शुद्ध द्वितीया) आणि १ फेब्रुवारी, शनिवार असे दोन दिवस धरले. दोन यासाठी की एखादा दिवस वाऱ्याने गेला तर दुसरा हाताशी असावा.

पाऊणपटीचा हिशेब तारीख निवडण्यापुरता. नेमकी वेळ छापील तक्त्यातूनच घ्या. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो, आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक सरकारी संस्थेचे अंदाज इंटरनेटवर मिळतात. मुंबईचा तक्ता इथे चालत नाही. आखाताच्या मुखावरच्या ओखा बंदराचा चालतो, पण वेळ आणि उंची दोन्ही सुधारून घ्यावी लागते. सिक्क्याचा मिळाला तर उत्तम, तो नराऱ्याच्या जवळचा. कारण आखाताचा आकार नरसाळ्यासारखा आहे. मुखाशी रुंद, आत अरुंद. तेच पाणी अरुंद जागेत कोंबले गेले की उंच चढते. उधाणात ओख्याला भरती-ओहोटीतला फरक साधारण तीन-साडेतीन मीटर असतो, तो आत नवलखीकडे सहा मीटरच्या वर जातो. तक्त्यात वेळेइतकाच उंचीचा आकडा पाहा. ओहोटीची उंची एक मीटरच्या खाली असेल असेच दिवस आम्ही निवडले. मोबाइलवरचे ॲप वापरत असाल तर वेळ भारतीय आहे की ग्रिनिचची, हे आधी तपासा. साडेपाच तासांची चूक झाली तर ओहोटीच्या जागी जवळजवळ भरतीच गाठाल.

आता रेल्वे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवसांवर आले आहे, म्हणून २९ जानेवारीचे तिकीट ३० नोव्हेंबरला सकाळी काढले. नाशिकरोडहून जनशताब्दीने दादर, लोकलने मुंबई सेंट्रल, तिथून रात्री ओख्याला जाणारी सौराष्ट्र मेल. जामनगर दुसऱ्या दिवशी दुपारी येते. सापुतारामार्गे सुरत गाठून तिथे मध्यरात्रीनंतर हीच गाडी पकडता येते. अंतर वाचते, झोप जाते.

३० जानेवारीची दुपार परवानगीसाठी राखली होती. सागरी राष्ट्रीय उद्यानाचे वनकार्यालय जामनगर शहरात आहे. पंधरा दिवस आधी फोनवर विचारले तेव्हा कामाच्या दिवशी प्रत्यक्ष येऊन अर्ज द्या, असे उत्तर मिळाले. अर्जात प्रत्येकाचे नाव, वय, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक, भेटीचा दिवस, हेतू आणि गाडीचा क्रमांक लिहिला. गाडीचा क्रमांक ऐन वेळी नसतो, म्हणून गाडी ठरवूनच कार्यालयात जा. आमचा दीड तास गेला तो आमच्याच कागदांमुळे: एकाच्या आधारच्या झेरॉक्सवर पुढची बाजू होती, पत्त्याची मागची बाजू नव्हती. दोन्ही बाजू एकाच पानावर, माणशी तीन प्रती, निळ्या शाईने सही, एवढे नाशिकमध्येच करून नेले असते तर अर्ध्या तासाचे काम होते. हेतूच्या रकान्यात ‘निसर्ग निरीक्षण’ पुरेसे आहे. ‘संशोधन’ लिहू नका. नमुने गोळा करण्याची परवानगी ही वेगळी आणि लांबची वाट आहे. दोन दिवस जायचे असेल तर दोन्ही तारखा एकाच अर्जात घाला. वेळ लिहिताना ओहोटीची वेळही लिहिली. आतल्या कर्मचाऱ्यांनी तीच पहिल्यांदा पाहिली.

पिरोटन बेटाची चौकशीही तिथेच केली. ते जास्त प्रसिद्ध आहे, पण तिथे होडीनेच जावे लागते, आणि किनाऱ्यालगतचे पाणी इतके उथळ की होडी भरतीला निघते आणि पुढच्या भरतीलाच परतते. म्हणजे अर्धा दिवस बेटावर. त्याची परवानगी निराळी असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने नरारा धरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संध्याकाळी सामान लावले. सर्वांत महत्त्वाचे बूट. चपला, फ्लोटर, क्रॉक्स नकोत. चिखलात तळवा रुततो आणि चप्पल तिथेच राहते. जुने, नाडीचे, कडक तळव्याचे कॅनव्हासचे बूट आणि घोट्याच्या वर येणारे जाड मोजे. इथल्या खडकांवर बार्नॅकल (कठीण कवचाचे बारीक जीव) आणि कालवे चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. गुडघ्याखाली घट्ट होणारी पँट, लांब बाह्यांचा सदरा, कडा असलेली टोपी. सनस्क्रीन न लावता कापडानेच अंग झाकले, कारण काही सनस्क्रीनमधली रसायने प्रवाळांना अपायकारक आहेत. काठी एक, पण टोकाला रबर बसवलेली, आणि ती फक्त वाळूत टेकायची. पाणी माणशी दीड लिटर. मोबाइल दोन पिशव्यांत. छोटे भिंग जरूर न्या. औषधांत आयोडीन, चिकटपट्ट्या आणि चिमटा.

३१ जानेवारीला पहाटे पावणेसहाला गाडी निघाली. खंभाळियाच्या रस्त्याने जाऊन वाडीनारकडे वळायचे. डाव्या-उजव्या हाताला तेलाच्या टाक्या आणि दिवे दिसू लागतात. वाडीनारला समुद्रातून कच्चे तेल उतरवण्याची मोठी व्यवस्था आहे. इतक्या लगत प्रवाळ जगत आहेत हे पाहून काळजी वाटते, आणि ती पुढे चालतानाही मनातून जात नाही. सव्वासातला फाटकावर नोंद झाली, पैसे भरले, गाईड मिळाले. गाईडशिवाय आत जाऊ नका. पाण्याखालचे ओहोळ कुठे खोल आहेत हे त्यांनाच ठाऊक असते. ते ओहोटीला ‘ओट’ म्हणतात; हिंदी सगळ्यांना येते.

सुरुवातीला खारफुटी लागते. बहुतेक तिवर, गुजरातीत चेर. चिखलातून पेन्सिलीसारखी श्वासमुळे वर आलेली असतात. त्या चिखलात हवा नसते, म्हणून मुळे श्वास घ्यायला वर येतात. त्यांच्यावर पाय देऊ नका, तुमच्या बुटाचा तळवा आणि त्यांचा शेंडा दोन्ही वाचतील. त्यानंतर वाळू, चिखल, घोट्याएवढे पाणी, आणि साधारण किलोमीटरभर चालल्यावर प्रवाळ.

इथे अपेक्षा नीट ठेवा. अंदमान-लक्षद्वीपच्या फोटोंमधले निळे स्वच्छ पाणी आणि फांद्याफांद्यांचे रंगीत प्रवाळ इथे नाहीत. आखातातले प्रवाह जोरदार, तळ चिखलाचा, म्हणून पाणी सतत गढूळ. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, म्हणून खारटपणाही जास्त. ओहोटीत काही तास ऊन आणि हवा सोसावी लागते. हे सगळे सहन करणारे प्रवाळ इथे टिकले: गोल घुमटासारखे पोरायटीस, मधाच्या पोळ्यासारखे फाव्हिया आणि फाव्हिटीस, फुलांच्या गुच्छासारखे गोनियोपोरा, ताटासारखे टर्बिनारिया. रंग तपकिरी, हिरवट, पिवळसर. तो रंग प्रवाळाच्या देहात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. शैवाल उन्हावर अन्न बनवते आणि त्यातले बरेचसे प्रवाळाला देते. पाणी गढूळ असल्याने ऊन खोल जात नाही, म्हणून इथले प्रवाळ उथळच राहतात आणि म्हणूनच ते आपल्याला पायी दिसतात. फांदीदार ॲक्रोपोरा पूर्वी इथे होते, आता त्यांचे मेलेले तुकडे सापडतात. १९८० मध्ये अभयारण्य आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान होण्याआधी इथून सिमेंटसाठी प्रवाळाची वाळू उपसली जात होती. फांदीदार प्रवाळ परत वाढवण्यासाठी जानेवारी २०२० मध्ये प्राणी सर्वेक्षण विभागाने गुजरात वन विभागासह मिठापूरजवळ बायोरॉकचा प्रयोग केला: पाण्याखाली लोखंडी सांगाडा, त्यातून हलका वीजप्रवाह, सांगाड्यावर चुन्याचा थर आणि त्या थरावर प्रवाळाचे तुकडे.

भिंग काढायची जागा ही. पाण्यात बुडालेला गोनियोपोरा शोधा, सावली न पाडता वाका आणि दोन मिनिटे थांबा. प्रत्येक फुलाला चोवीस पाकळ्या दिसतात. त्या पाकळ्या म्हणजे एकेका प्राण्याचे संस्पर्शक, अन्न पकडायचे मऊ हात. पाणी हलवले तर सगळे एकदम मिटतात. पोरायटीसचे घुमट साधारणपणे वर्षाला एखादा सेंटीमीटर वाढतात. हातभर उंचीच्या घुमटावर बूट ठेवणारा माणूस अनेक दशकांवर पाय देत असतो. पाय फक्त वाळूवर. हिरवट, रबरी चटईसारखा थर दिसला तर तोही खडक नाही, झोअँथिड नावाचे प्राणी असतात. एका डबक्यात ताटाएवढे समुद्रफूल पसरले होते. ऑक्टोपस खडकाच्या फटीत होता. आधी फटीबाहेर साठलेले शिंपल्यांचे तुकडे दिसले, मग तो. सर्पतारे, समुद्रकाकड्या, निळसर चपटकृमी, शंखातले संन्यासी खेकडे: पहिल्या तासात हे सगळे पाहिले.

केंड, म्हणजे घाबरला की फुगणारा मासा, डबक्यात अडकलेला सापडतो. पर्यटकांना फुगलेला दाखवण्यासाठी त्याला हातात धरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. गाईडना सुरुवातीलाच नम्रपणे सांगा की आम्हाला काहीही उचलून दाखवू नका, जागेवरच दाखवा. पाण्याबाहेर केंड हवा गिळतो, ती बाहेर टाकणे त्याला जड जाते आणि सोडल्यावर तो उलटा तरंगत राहतो. आमचे गाईड लगेच ‘बराबर, भाई’ म्हणाले आणि उलट जास्तच दाखवू लागले. दगड उलटायचा झाला तर तेच उलटतील, आणि तो पुन्हा होता तसाच ठेवतात की नाही हे पाहा; खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. शिंपला, शंख, मेलेल्या प्रवाळाचा तुकडा, काहीही खिशात टाकू नका. प्रवाळ आणि समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत.

वाळूतून चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत पाकट लपलेली असते. पाय घासला की ती निघून जाते, वरून पडला तर शेपटीचा काटा मारते.

तक्त्याप्रमाणे तळ पावणेनऊला होता. साडेनऊला गाईडनी परत फिरा म्हटले. तेव्हा पाणी वाढलेले डोळ्यांना दिसतही नव्हते आणि थांबावेसे फार वाटत होते. थांबू नका. कारण साधे गणित आहे: सहा तासांच्या भरतीत पाणी सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. फरक ४.८ मीटर असेल तर पहिल्या तासात ४० सेंटीमीटर, दुसऱ्यात ८०, तिसऱ्यात १२०. म्हणजे दोन तासांत तळापेक्षा १२० सेंटीमीटर वर. त्यातून पाणी समोरून येत नाही. मागच्या ओहोळांतून आधी भरते आणि तुमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये येते. किनारा किलोमीटरभर लांब, चिखलात चालण्याची गती रस्त्यावरच्या निम्मी. तळानंतर पाऊण तासाने परत वळणे हा नियम मोडू नका. आम्ही सव्वादहाला खारफुटीशी पोहोचलो. जाताना घोट्यापर्यंत असलेला ओहोळ तेव्हा गुडघ्यावर गेला होता.

आमच्यातल्या एका काकांचे गुडघे दुखरे आहेत. त्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण चाल केली, दुसऱ्या दिवशी निम्म्यातून वाळूच्या उंचवट्यावर थांबले आणि तिथून दुर्बिणीने पाहिले. चिखलातून पाय उपसण्याचा ताण गुडघ्यांवर येतो, हे आधी जाणून घ्या. दहा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये असे मला वाटते.

काकांना मात्र सर्वांत चांगले दर्शन झाले. नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वरला आम्ही वर्षानुवर्षे पक्षी पाहतो, पण क्रॅब प्लोव्हर तिथे येत नाही. काळा-पांढरा, जाड सरळ काळी चोच, लांब निळसर-करडे पाय. भारतात तो पाहायला कच्छच्या आखातासारखी जागा नाही. पाणी चढू लागले की चिखलावर विखुरलेले पक्षी लाटेपुढे सरकत किनाऱ्याकडे येतात, म्हणून पक्ष्यांसाठी भरतीची सुरुवात हीच चांगली वेळ. १ फेब्रुवारीला त्यांचा अठरा जणांचा थवा काकांपासून शंभर-दीडशे पावलांवर उतरला. एकेक खेकडा धरून, आपटून, पाय मोडून गिळत होते.

त्या दुसऱ्या दिवशी वारा होता. पाण्यावर सुरकुत्या पडल्या की खालचे काही दिसत नाही. पोलरॉइड चष्म्याने थोडा फरक पडतो. तळ पहिल्या दिवसापेक्षा पाऊण तासाने उशिरा आला, दररोज येतो तसाच. माघी गणेशजयंती होती, त्यामुळे घरी लवकर फोन करून मग पाण्यात उतरलो. आत रेंज जाते-येते.

बाहेर आल्यावर बूट, काठी, कॅमेऱ्याचे पाय गोड्या पाण्याने धुवा. फाटकापाशी पाणी मिळेलच असे धरू नका, गाडीत पाच लिटरचा कॅन ठेवा. खरचटलेल्या जागा लगेच साबणाने धुवून आयोडीन लावा; प्रवाळाचा ओरखडा लहान दिसतो, पण चिघळतो. मला पोटरीवर एकच लागला होता, तो भरायला बारा दिवस लागले.

दुपारची सौराष्ट्र मेल जामनगरहूनच पकडली. २ तारखेला सकाळी मुंबई, दुपारी नाशिक. चौघांत जामनगर ते नरारा जाऊन-येऊन गाडीचे रोज २४०० रुपये, प्रवेश, कॅमेरा आणि गाईड मिळून रोज बाराशेच्या आसपास, दोन खोल्या दोन रात्रींसाठी ६००० रुपये. रेल्वे, जेवण धरून माणशी साडेसात हजारांच्या आत बसले. दर बदलतात, फाटकावरचा फलक पाहूनच भरा, आणि सुटे पैसे न्या. त्या भागात ऑनलाइन पैसे भरणे रेंजवर अवलंबून आहे.